माधवीलता लावली, पण मधमाश्या कधी येणार?

प्रश्न : कंपाउंडच्या भिंतीवर दुपारभर ऊन असतं आणि उन्हाळ्यात पाण्याची बोंब. त्यामुळे कमी पाण्यात तगणारी, मधमाश्या-फुलपाखरं येतील अशी देशी वेल हवी होती. माधवीलतेचं रोप लावलं तर ते महिन्याभरातच पानं टाकायला लागलं. मग ही कसली कमी पाण्याची वेल?

उत्तर : वेल चांगली निवडलीय, बदलू नका. पण कमी पाण्यावर राहते ती मुरलेली वेल, नवं रोप नाही, आणि हे लावताना कोणी सांगतच नाही. पिशवीतल्या रोपाची मुळं वीतभर मातीत गुंडाळलेली असतात, ती खोल जाईपर्यंत पहिलं एखाद वर्ष तरी पाणी द्यावंच लागतं. मात्र रोज तांब्याभर ओतू नका, त्याने मुळं वरच्या थरातच घुटमळतात आणि ऊन लागलं की तोच थर आधी सुकतो. बोट खुपसून बघा, दोन पेरं खालीही कोरडं लागलं की आळं भरून सावकाश मुरेल असं पाणी द्या, वेल वाढेल तसं आळं बाहेर सरकवत न्या आणि दोन पाण्यांमधलं अंतरही वाढवा. वर पालापाचोळा जाड पसरा, फक्त खोडाला टेकवू नका. युरिया तर नकोच, नुसती पानं फोफावतात.

फुलं हिवाळा सरताना येतात, म्हणून छाटणी फुलोरा संपल्यावरच करा, आधी केली तर त्या वर्षीची फुलं गेलीच म्हणून समजा. आणि फुलं आली की एक हातात धरून नीट बघा हं, पाकळ्यांच्या कडा झालरीसारख्या कातरलेल्या, एका पाकळीवर पिवळा डाग, दहा पुंकेसरांपैकी एकच चांगला लांब आणि मधली स्त्रीकेसराची दांडी काही फुलांत डावीकडे तर काहींत उजवीकडे वाकलेली! मधमाशी येते ती परागासाठी, एका फुलात तिच्या अंगाच्या एका बाजूला पराग लागतो तो उलट्या बाजूला वाकलेल्या दुसऱ्या फुलात जाऊन पोचतो. मला तर ही रचना कितीही वेळा बघितली तरी नवीच वाटते.

एक मात्र सांगायलाच हवं, हीच वेल मॉरिशस आणि रीयुनियन बेटांवर जंगल गिळणारं तण ठरलीय. भारतात ती मूळची आहे म्हणून इथे लावा म्हणतोय, परदेशातल्या नातेवाइकांना बिया पाठवू नका.

फुलपाखरांसाठी हिच्या जोडीला हरणदोडीची वेल लावा. ब्लू टायगर नावाचं फुलपाखरू तिच्या पानांवर अंडी घालतं, म्हणजे अळ्या पानं खाणारच, तेव्हा स्प्रे काढायचा नाही. कडुनिंबाचाही नाही.

प्रश्न : माझ्याकडे फक्त बाल्कनी आहे, कुंडीत काय लावू?

उत्तर : गोकर्ण. माधवीलता मोठी, लाकडी खोडाची वेल आहे, ती कुंडीत कायम कोंडल्यासारखी राहते. गोकर्णाचं मूळ कुठलं यावर एकमत नाही, पण पाणी कमी लागतं आणि मधमाश्या येतात हे नक्की. बी रात्रभर भिजवून लावा आणि एकेरी पाकळीचंच घ्या, दुहेरी दिसायला भरगच्च असलं तरी त्याची रचना बदललेली असते. कुंडी उन्हात तापते, तिला जमिनीतल्या वेलीपेक्षा जास्त वेळा पाणी लागेल, ते धरून चाला.

प्रश्न : घरात लहान मुलं आहेत, माश्या चावणार नाहीत ना?

उत्तर : फुलावर कामात असलेली माशी आपणहून अंगावर येत नाही, पोळ्याजवळची गोष्ट वेगळी, तिथे मुलांना जाऊ देऊ नका. शिवाय बऱ्याच देशी माश्या पोळं करतच नाहीत, एकेकट्या जमिनीत बीळ करून राहतात, म्हणून वेलीजवळ थोडी जागा पालापाचोळा न टाकता उघडी ठेवा. मुलं आहेत तर कळलावी मात्र लावू नका. फुलं सुंदर असतात, पण सगळं झाड विषारी आहे आणि कंद तर जीवघेणा.