बारावीला गुण कमी पडले, आता एमबीबीएसचे काय?

बारावीचा निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यांत माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा प्रश्न एकच असतो: नीटसाठी दोन वर्षे घातली, पण बारावीला टक्के कमी पडले, तर वैद्यकीय प्रवेशाचा मार्ग बंद झाला का? लातुरात विद्यार्थी समुपदेशनाचे काम करताना या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देण्याचे मी टाळते, कारण ते त्या विद्यार्थ्याच्या घरातील कागदपत्रांवर अवलंबून असते आणि ती कागदपत्रे पाहिल्याशिवाय दिलेला धीर पुढे महागात पडू शकतो. एका मुलीचा अनुभव तिच्या कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे देत आहे.

तिचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मुलगी दहावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली, अकरावीपासून लातुरात खोली करून राहिलेली. बारावीची लेखी परीक्षा सुरू असतानाच तिला टायफॉइड झाला आणि दोन पेपर तिने तापातच लिहिले. निकालात भौतिकशास्त्रात ४८, रसायनशास्त्रात ४१ आणि जीवशास्त्रात ५५ गुण, म्हणजे तीन विषयांचे मिळून ३०० पैकी १४४ आले. नीट तिने बरी झाल्यावर दिली होती. पण बारावीचा निकाल पाहिल्यापासून तिने स्वतःची उत्तरे पडताळून पाहणेही सोडले होते. जेवण कमी झाले होते, मैत्रिणींचे फोन ती घेत नव्हती, आणि बारावी पुन्हा पहिल्यापासून करायची हा एकच हट्ट धरून बसली होती. भरीस भर म्हणून कोणा मध्यस्थाने वडिलांना टक्के ‘वाढवून’ देण्याचे आश्वासन दिले होते. अशा माणसाशी पुढे एक शब्दही बोलू नका, एवढे मी त्यांना पहिल्याच भेटीत स्पष्टपणे सांगितले.

मुलीशी मी आधी एकटीशीच बोलले. “पप्पांनी माझ्यासाठी कर्ज काढलं, मॅडम, आणि मी त्यांच्या हातात हा निकाल दिला,” असे ती म्हणाली. गुणांपेक्षा या वाक्याचे ओझे मोठे होते, म्हणून त्या दिवशी गुणांचा विषय मी मुद्दाम लांबणीवर टाकला आणि आजारपणाचे दिवस तिला क्रमाने सांगायला लावले. आपण आळस केला, असा जो निवाडा तिने स्वतःवर लादला होता, तो स्वतःच्या तोंडून तारखांसह हकीकत सांगताना तिलाच टिकवता येईना. मुलाला नियम समजावून सांगण्यापूर्वी हे होणे मला फार आवश्यक वाटते, कारण अपराधी वाटणाऱ्या मुलाला चांगली बातमीसुद्धा ऐकू येत नाही.

दुसऱ्या भेटीत तिघांना समोर बसवून मी पात्रता आणि गुणवत्ता या दोन गोष्टी वेगळ्या करून मांडल्या. महाराष्ट्रात एमबीबीएसची गुणवत्ता यादी केवळ नीटच्या ७२० पैकी मिळालेल्या गुणांवरून लागते. बारावीला ९५ टक्के मिळवणाऱ्याला त्या यादीत एका गुणाचाही जास्तीचा लाभ होत नाही. बारावीचे काम उमेदवार पात्र ठरवण्यापुरते आहे: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय घेऊन उत्तीर्ण असणे आणि तीन विज्ञान विषयांत मिळून खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गासाठी ४० टक्के गुण असणे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून जागा मागणाऱ्याला मात्र ५० टक्केच लागतात, आणि हे अनेक पालकांना माहीत नसते.

मुलीचे ४८ टक्के होते आणि कुटुंब इतर मागासवर्गातील होते. हे ऐकून आईच्या चेहऱ्यावर हायसे वाटल्याचे दिसले, पण मी त्यांना थांबवले. ४० टक्क्यांची सवलत मागायची तर आपण त्या प्रवर्गाचे आहोत हे राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षापुढे सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी नुसते जातीचे प्रमाणपत्र पुरत नाही; जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दावा समितीने तपासून दिलेले आणि सगळे ज्याला ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात ते, आणि नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र अशी दोन्ही लागतात. ती नसतील तर उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जातो. इतरांच्या बाबतीत याचा अर्थ यादीत मागे पडणे एवढाच असतो; या मुलीच्या बाबतीत खुल्या प्रवर्गात जाणे म्हणजे ५० टक्क्यांची अट लागू होऊन थेट अपात्र ठरणे होते. नीटला कितीही गुण मिळाले असते तरी त्याला इलाज नव्हता.

आणि व्हॅलिडिटी काढलेलीच नव्हती. महाविद्यालयाने अकरावीत सूचना लावली होती. ती वडिलांनी वाचलीही होती. परंतु आपले वार्षिक वेतन ८ लाखांच्या वर जाते, त्यामुळे नॉन-क्रिमीलेअर मिळणार नाही आणि मग व्हॅलिडिटी काढून उपयोग काय, असा एका शेजाऱ्याच्या सांगण्यावरून त्यांचा समज होता. हा समज मला शिक्षक, ग्रामसेवक, लिपिक अशा घरांतून वारंवार भेटतो. इतर मागासवर्गाच्या क्रिमीलेअरसाठी ८ लाखांची मर्यादा मोजताना आई-वडिलांचे वेतन आणि शेतीचे उत्पन्न त्यात मिळवले जात नाही; नोकरदारांच्या बाबतीत आई-वडील कोणत्या गटाच्या पदावर आहेत हे पाहिले जाते आणि प्राथमिक शिक्षक गट ‘क’ मध्ये येतात. घोटाळा होतो तो आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्रामुळे, कारण त्यातही आकडा ८ लाखांचाच आहे, पण तेथे वेतन, शेती, व्यवसाय असे सर्व मार्गांनी येणारे कुटुंबाचे उत्पन्न धरले जाते. त्या शेजाऱ्याने एकाचा नियम ऐकून दुसऱ्याला लावला, आणि एका हुशार मुलीची दोन वर्षे त्यामुळे धोक्यात आली, याचे मला आजही वाईट वाटते. शंका असेल तर तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात वेतनचिठ्ठी घेऊन जावे आणि लेखी विचारावे. पारावरच्या चर्चेवर मुलांचे भवितव्य ठरू देऊ नये.

नॉन-क्रिमीलेअरचा अर्ज वडिलांनी त्याच आठवड्यात दाखल केला. या प्रमाणपत्राची मुदत तपासणे विसरू नये, कारण प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातील ३१ मार्चपर्यंत ते वैध असावे लागते, आणि मोठ्या भावाच्या वेळी काढलेले जुने प्रमाणपत्र घेऊन येणारे पालक दरवर्षी भेटतात.

व्हॅलिडिटीचे काम अवघड होते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा अपेक्षित असतो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५० आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ अशी आहे. इतका जुना पुरावा बहुधा आजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत सापडतो. या मुलीच्या आजोबांचा उतारा मिळाला, पण त्यात त्यांचे घरगुती नाव लिहिलेले आणि आडनावाच्या जागी गावाचे नाव होते. सख्ख्या चुलत्यांना पूर्वीच वैधता प्रमाणपत्र मिळालेले होते, ही गोष्ट मोलाची ठरली. वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकाची व्हॅलिडिटी असेल तर ती वंशावळीच्या शपथपत्रासह जोडता येते आणि समितीपुढचे काम बरेच हलके होते. मुलीच्या आईने एक खरी गोष्ट सांगितली, की चुलत्यांशी घरातील वाटणीवरून बोलणे बंद होते आणि कागद मागायला जाण्याचा संकोच वाटत होता. त्या संकोचावरही आम्ही एक पूर्ण भेट खर्च केली. अखेर मुलगी स्वतः गेली. चुलत्यांनी प्रमाणपत्राची प्रत दिली, शिवाय सुनावणीच्या दिवशी ते स्वतः जिल्हा जात पडताळणी समितीच्या कार्यालयात हजर राहिले.

एवढ्यावर विसंबून राहू नये म्हणून दुसरा मार्गही खुला ठेवला. राज्य मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे. जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेला बसून बारावीचे गुण वाढवता येतात आणि त्यासाठी आधीचा निकाल बाद होत नाही. खुल्या प्रवर्गाच्या ५० टक्क्यांसाठी तिला १५० गुण हवे होते, म्हणजे आहेत त्यांपेक्षा केवळ ६ अधिक. हा आकडा कागदावर लिहून दाखवला तेव्हा अख्खी बारावी पुन्हा करण्याचा हट्ट तिने आपणहून सोडला. त्याच रात्री तिने नीटची उत्तरेही पडताळली, असे आईने दुसऱ्या दिवशी कळवले.

वैधता प्रमाणपत्र कागदपत्र पडताळणीच्या अगदी तोंडावर हाती आले. अनेकदा शासन यासाठी मुदतवाढ देते हे खरे, पण ती मिळेलच असे गृहीत धरून चालणे मला कोणत्याही कुटुंबाला सुचवता येणार नाही. पहिल्या फेरीत तिला खासगी महाविद्यालय मिळाले. तेथे प्रवेश घेताना ‘स्टेटस रिटेन्शन’चा अर्ज भरू नका, असे मी वडिलांना बजावले होते, कारण तो भरला की हीच जागा कायम ठेवायची असा अर्थ होऊन पुढच्या फेरीचा मार्ग बंद होतो. दुसऱ्या फेरीत तिला मराठवाड्यातीलच शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली आणि आधीची जागा नियमानुसार आपोआप सुटली.

याच हंगामात दुसरे एक कुटुंब आले होते, ज्यांच्यासाठी मला फारसे काही करता आले नाही, आणि ते सांगितल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. मुलाने दहावी महाराष्ट्रात केली होती, पण तयारीसाठी कोटा येथे जाऊन बारावीही राजस्थानातूनच उत्तीर्ण झाला होता. त्याचे गुण चांगले होते, अधिवास प्रमाणपत्रही होते. परंतु राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थांतून उत्तीर्ण असाव्या लागतात. बदलीवर असलेले केंद्र व राज्य शासनाचे कर्मचारी आणि संरक्षण दलातील कर्मचारी यांच्या मुलांसाठी असलेले अपवाद या व्यापारी कुटुंबाला लागू नव्हते. त्याच्यापुढे अखिल भारतीय १५ टक्के जागा, अभिमत विद्यापीठे आणि खासगी महाविद्यालयांचा संस्थात्मक कोटा एवढेच मार्ग उरले, आणि त्यांतील शेवटच्या दोहोंचे शुल्क त्या घराला झेपणारे नव्हते. शिकवणीसाठी परराज्यात जाण्यास माझा विरोध नाही. मात्र बारावीचा परीक्षा अर्ज कोठून भरला जाणार आहे, हे अकरावीच्या प्रवेशापूर्वी ठरवले पाहिजे, कारण उत्तीर्ण झाल्यानंतर ते बदलता येत नाही.

वयाबद्दल विचारणा होते, तिचे उत्तर सोपे आहे: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण हवीत, कमाल वयाची मर्यादा नाही आणि नीट किती वेळा द्यावी यावरही बंधन नाही. त्यामुळे एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देणाऱ्या रिपीटर विद्यार्थ्यांनी या एका गोष्टीची भीती बाळगण्याचे कारण नाही.

ज्यांची मुले यंदा अकरावी विज्ञान शाखेत आहेत त्यांनी आजोबांच्या शाळेचा उतारा, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि नात्यातील कोणाची व्हॅलिडिटी आहे का, याची विचारपूस या दिवाळीच्या सुट्टीतच करावी. मूळ गावची शाळा बंद किंवा विलीन झालेली असेल तर जुन्या नोंदवह्या कोठे हलवल्या आहेत, हे पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारावे. नावात फरक आढळल्यास त्याचे शपथपत्र तेव्हाच करून ठेवावे आणि समितीकडील अर्ज महाविद्यालयामार्फत बारावी सुरू होण्यापूर्वी दाखल करावा.