ती कमावते, मग पोटगी कशाला?

सांगलीहून एका वाचकाने लिहिलं आहे: "कुपवाड एमआयडीसीत नोकरी करतो, हातात 41 हजार येतात. दोन वर्षांपूर्वी हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट झाला. कोर्टाने पत्नीला दरमहा 7 हजार आणि मुलीला 5 हजार ठरवले. मुलगी आता नऊ वर्षांची आहे. पत्नी हल्ली मिरजेत औषधाच्या दुकानात काम करते, मित्राने काउंटरवरचा फोटोच पाठवला. म्हणून दोन महिने मी पैसे थांबवले. मित्र म्हणतात, नोकरी सोड, वाळवा तालुक्यातली दीड एकर भावाच्या नावावर कर, मग कोण काय घेणार? मुलीलाही भेटू देत नाहीत. मी हे जन्मभर का भरायचं?"

आधी मित्रांचा सल्ला बाजूला ठेवा, तो तुम्हाला खड्ड्यात घालेल. नोकरी सोडली म्हणून पोटगी सुटत नाही. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना, बायकामुलांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने अंजू गर्ग प्रकरणात 2022 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. कोर्ट तुमचा अनुभव आणि जुना पगार बघूनही आकडा ठरवू शकतं. जमिनीचंही तेच. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चं कलम 39 नेमकं अशा व्यवहारांसाठी आहे. जमिनीच्या उत्पन्नातून ज्याला पोटगी मिळायची, त्याचा हक्क ती जमीन फुकट घेणाऱ्यावरही चालतो. म्हणजे बक्षीसपत्र करून भावालाही कोर्टाची पायरी चढायला लावाल. आणि थकबाकीची दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, कोर्टात आली, तर पगाराचा एक तृतीयांश भाग सोडून उरलेल्यावर जप्ती येऊ शकते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये पोटगीच्या हुकूमनाम्याला इतपत मुभा आहे. कंपनीच्या अकाउंट्स विभागात तो कागद पोचल्यावर काय होईल, याचा विचार करा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्यात तथ्य आहे. परिस्थिती बदलली तर आकडा बदलायला हवा, हे कायद्यालाही मान्य आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम 25(2) त्यासाठीच आहे. अर्ज करा आणि तिच्याकडून उत्पन्नाचं शपथपत्र मागा. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालापासून पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी शपथेवर उघड करावी लागतात. मित्राच्या फोटोवरून ती काउंटरमागे उभी होती एवढंच दिसतं, पगार कळत नाही. पण ती कमावते म्हणून पोटगी आपोआप बंद होत नाही. त्या कमाईत तिचं नीट भागतं का, हे कोर्ट बघतं. दुकानातले दहाबारा हजार मिळत असतील, तर मिरजेत खोलीभाडं देऊन काय उरतं हे तुम्हीच मांडून बघा. मुलगी सांभाळण्यासाठी तिने काही वर्षं काम सोडलं असेल, तर आजचा पगार कमी असण्यामागे तेही कारण आहे आणि कोर्ट ते विचारात घेतं. आणखी एक. 2017 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या 25 टक्के रक्कम योग्य ठरवली. ते सूत्र म्हणून सगळीकडे सांगितलं जातं, पण तसा नियम नाही.

मुलीचे 5 हजार मात्र या भांडणात ओढूच नका. ते आईच्या नोकरीशी बांधलेले नाहीत आणि तुमच्या भेटीशीही नाहीत. आई पुरेसं कमावत असेल तर शिक्षणाचा खर्च दोघांनी कमाईच्या प्रमाणात वाटून घ्यावा, असं रजनेश निकालातच आहे. पण तो मुद्दा कोर्टात मांडायचा, स्वतः पैसे थांबवून नाही. एकदा कागद घेऊन बसा: शाळेची फी, रिक्षा, वह्या, शिकवणी, तापाची औषधं, दिवाळीचे कपडे, तिच्या वाट्याचं भाडं आणि किराणा. बेरीज 5 हजारांत बसत नाही, असं माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक वडिलांना स्वतःच दिसतं.

मला जास्त बोचतं ते वेगळंच. जाहीर केलेला प्रत्येक रुपया आपल्या पोटगीतून कापला जाईल, ही भीती बाईला असते. म्हणून ती रोखीने पगार घेते, पीएफ नको म्हणते, बढती टाळते. तुमच्यासारखा माणूस ओव्हरटाइम लपवतो किंवा नोकरीच सोडायला निघतो. दोघांचंही नुकसान होतं आणि मुलीच्या वाट्याला दोन कमी कमावणारे पालक येतात. आपल्या पद्धतीतला हा दोष खरा आहे.

म्हणून मी तुम्हाला लढण्याआधी तडजोडीचा प्रस्ताव द्यायला सांगेन. मुलीची रक्कम वाढवून द्या, समजा 8 हजार, आणि दर दोन वर्षांनी 5 टक्के वाढ. अशी वाढ सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये एका पत्नीच्या पोटगीला जोडून दिली आहे. पत्नीची रक्कम एकदम न तोडता दोनतीन वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरू द्या, म्हणजे तिला उघडपणे पगारावर काम करता येईल. पहिल्या वर्षी तुमचा एकूण आकडा फारसा खाली येणार नाही, ही कल्पना असू द्या. पण शेवट दिसेल, तोच तुम्ही मागताय. हे घरच्या स्टॅम्पपेपरवर नको. कोर्टात पुरसीस, म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन, देऊन त्यावर आदेश घ्या. मुलीचा हक्क आईलाही सोडता येत नाही, त्यामुळे तसं कलम कुणी सुचवलं तर घालू नका.

मुलीच्या भेटीसाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली वेगळा अर्ज करा. वार, वेळ, जागा, शाळेच्या सुट्ट्या, सगळं त्यात लिहून मागा. हे सगळं करण्याआधी दोन महिन्यांचे थकलेले 24 हजार पत्नीच्या बँक खात्यावर भरा, रोख देऊ नका. एकदम जमत नसेल तर मुलीचे 10 हजार आधी. जुना आदेश बदलेपर्यंत तोच लागू आहे आणि थकबाकी घेऊन सवलत मागायला गेलात, तर न्यायाधीश पहिला प्रश्न त्या थकबाकीचाच विचारतील. भरल्याची पावती, सहा महिन्यांच्या पगारपावत्या आणि सातबारा घेऊन वकिलांकडे जा.