गेलस्कॉल झाली, पुढे काय?

आयर्लंडमधल्या किल्डेअरच्या ताई, तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत, पण माझा जीव एकातच अडकला.

तुम्ही लिहिता, ‘लेक गेलस्कॉलमध्ये, म्हणजे आयरिश माध्यमाच्या प्राथमिक शाळेत, पाचवीत आहे, आयरिश फाडफाड बोलते. पण इथे दर वर्षी नव्या वसाहती उठतायत आणि पुढच्या गेलखोलाश्तेत, म्हणजे आयरिश माध्यमाच्या माध्यमिक शाळेत, जागा मिळेलच असं कुणी सांगत नाही. हे म्हणतात, आयरिश झालं तेवढं पुरे. घराजवळच्या इंग्रजी शाळेत घालू, सायन्स-मॅथ्स तरी नीट होईल.’

धाकधूक कळते हो. परक्या देशात मुलांच्या शाळेचं काही चुकलं तर सावरायला मामा-काका नसतात. पण ‘झालं तेवढं पुरे’ हे मला मान्य नाही. बाराव्या वर्षापर्यंत मूल खेळातली, भांडणातली भाषा शिकतं. वाद घालण्याची, प्रयोग लिहिण्याची, इतिहास समजून घेण्याची भाषा त्यानंतर येते. नेमकी तिथेच शाळेची भाषा बदलली, तर आधीची आठ वर्षं हळूहळू विरतात.

माझ्या आईचं तेच झालं. माहेर इंदूरचं. चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढे सगळं हिंदीतून. बोलायची अस्खलित मराठी, पण मामाला लिहिलेली तिची पत्रं माझ्याकडे आहेत. वर ‘ती. दादास सा. न. वि. वि.’ आणि खाली आजारपण, पैशांची ओढाताण, मनातलं सगळं हिंदीत. आपल्याच भाषेत मनातलं लिहिता येत नाही याची खंत तिला शेवटपर्यंत होती. म्हणून आम्ही थोरलीला गेलखोलाश्तेत घातलं. ती रसायनशास्त्र आयरिशमध्ये शिकायची आणि रात्री आजीला फोनवर तेच मराठीत समजावून सांगायची. इंग्रजीचं काही बिघडलं नाही. तो विषय तिथे असतोच आणि बाहेर सगळीकडे इंग्रजीच आहे. यजमानांना हेही सांगा की लीव्हिंग सर्टच्या, म्हणजे इथल्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या, बऱ्याच विषयांत उत्तरं आयरिशमधून लिहिली, तर मिळालेल्या गुणांवर १० टक्क्यांपर्यंत जादा गुण मिळतात. मॅथ्सला कमी, आणि ७५ टक्क्यांच्या वर गेलात की ते घटत जातात, पण मिळतात.

आता जागेचं. माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षाचे अर्ज आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरच्या आधी शाळेला घेता येत नाहीत. म्हणजे लेक सहावीत गेली आणि ती तारीख आली की लगेच अर्ज द्या, दिवाळीची वाट न बघता. त्याआधी शाळेचं प्रवेश धोरण शब्दन् शब्द वाचा. बऱ्याच ठिकाणी गेलस्कॉलमधून आलेल्या मुलांना प्राधान्य असतं, पण कुठल्या गेलस्कॉलला ते बघा. नकार आलाच तर रडत बसू नका. २१ दिवसांच्या आत शाळेच्या व्यवस्थापन मंडळाकडे फेरविचार मागा. जागा भरल्या म्हणून नकार आला असेल, तर त्याशिवाय पुढचं अपील होत नाही. अंतराचं म्हणाल, तर सरकारी स्कूलबससाठी ‘सर्वांत जवळची शाळा’ ठरवताना माध्यमाची भाषा धरतात, म्हणून इंग्रजी शाळा जवळ आहे एवढ्यावरून हक्क जात नाही.

आणि आता थोडं रागावते. तुम्ही लिहिलंय, ‘इथे गेलखोलाश्ते व्हावी म्हणून पालकांची एक मोहीम चालू आहे, पण ती आयरिश लोकांची, आपण कशाला मध्ये पडायचं?’ अहो, लेक तुमची आहे ना? वाढत्या वस्तीत नवी शाळा काढायची ठरली की शिक्षण खातं पालकांना विचारतं, शाळा कुणी चालवावी आणि कुठल्या भाषेतून. जो नाव नोंदवतो तोच मोजला जातो. आपली माणसं गणपतीला हॉल भरून येतात आणि तिथे मात्र एकही फॉर्म भरत नाहीत. मग मागणी कमी दिसते आणि इंग्रजी शाळेतच एक आयरिश तुकडी मिळते. तीही काहीच नसण्यापेक्षा बरी, पण वर्गाबाहेर पाऊल टाकलं की सगळी इंग्रजी.

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचं बघा. १९९१मध्ये पालकांनी तिथे आयरिश माध्यमाची माध्यमिक शाळा उभी केली, तेव्हा मुलं होती नऊ. आज त्याच शाळेत, कोलाश्ते फेर्शतेत, शेकडो आहेत. मुलांच्या स्कूलबससाठी ती मंडळी कोर्टात गेली आणि २०११मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. तिथला कायदा वेगळा, पण पालक तुमच्या-आमच्यासारखेच.

बाकीचं पटकन. पुण्याहून येणारा तेरा वर्षांचा भाचा पहिल्यांदाच इथल्या शाळेत जाणार असेल, तर त्याला आयरिश या विषयातून सूट मागता येते. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. सासूबाईंना थंडीत नको, मे महिन्यात बोलवा. डब्यातल्या मेथीच्या पराठ्याला मुलं नाकं मुरडतात, तर मुरडू देत.

त्या मोहिमेची पुढची सभा कधी आहे ते आजच विचारा आणि दोघंही जा. वसाहतीतली आणखी दोन-तीन मराठी, तेलुगू, पोलिश घरं असतील, त्यांनाही बरोबर घ्या. फॉर्म भरताना काही अडलं तर मला लिहा, मी बसून भरून देईन.