वायपर इंटरमिटंटवर अर्ध्या काचेत थांबतात, रिले बदलू का?

तुमची तक्रार अशी: लो आणि हायवर वायपर नीट चालतात, इंटरमिटंटला (थांबून-थांबून पुसण्याच्या सेटिंगला) टाकले की वीतभर हलून थांबतात आणि चार-पाच सेकंदांनी तिथूनच पुढे सरकतात. मेकॅनिक रिले (मोटरला वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) बदला म्हणतो. शिवाय वॉशरची मोटर वाजते, पण पाणी येत नाही.

रिले इतक्यात घेऊ नका. वायपर ठरावीक वेळाने हलतायत, म्हणजे त्यातला टायमर ठणठणीत आहे. रिले पूर्ण फेरी मारून देतो हा गैरसमज आहे. तो फक्त धक्का देतो. आतला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) रेझिस्टरमधून हळूहळू भरतो, ठरावीक व्होल्टेजला पोचला की रिले क्षणभर ओढला जातो. (याच कल्पनेवर इंजिनिअर रॉबर्ट कर्न्सला १९६७ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं.) लो स्पीडला एका फेरीला साधारण दीड सेकंद लागतो, रिलेचा धक्का त्याहून छोटा. उरलेली फेरी पूर्ण करतो तो मोटरमधला पार्क कॉन्टॅक्ट, म्हणजे ब्लेडना खालच्या थांबायच्या जागेवर (पार्क) नेऊन थांबवणारा स्विच.

मोटरच्या मोठ्या गिअरवर एक पितळी चकती असते, तिच्यावर स्प्रिंगच्या पट्ट्या घासतात. वायपर खालच्या जागेवरून हलले की चकती पार्कच्या वायरला १२ व्होल्ट देते आणि रिले सुटला तरी मोटर चालू राहते. ब्लेड खाली आले की चकतीवरच्या खाचेमुळे तीच वायर अर्थला (गाडीच्या बॉडीला, म्हणजे निगेटिव्हला) जोडली जाते. मोटरची दोन्ही टोकं अर्थवर आल्याने तिला ब्रेक लागतो आणि ती जागच्या जागी थांबते. हा अर्थ कच्चा असेल तर उलटा आजार: ब्लेड खाली येऊनही थांबत नाहीत, बंद केल्यावरही फिरतच राहतात.

आता तपासणी. लोवर वायपर चालू ठेवून ते काचेच्या मध्यावर असताना दांडी ऑफ करा. तिथेच थांबले, तर पार्कचं सर्किट तुटलंय. कुठे, ते शोधायला किल्ली ऑन आणि वायपर मध्यावरच ठेवून मोटरच्या सॉकेटला टेस्ट लॅम्प (वीज आली की पेटणारा तपासणीचा दिवा) लावा. सॉकेट काढू नका, मागून टोचा. मोटरला येणाऱ्या कायमच्या पॉझिटिव्हवर लॅम्प लागतो, पण पार्कच्या परतीच्या वायरवर (चकतीकडून १२ व्होल्ट घेणारी तीच वायर) लागत नाही? दोष मोटरमध्ये. परतीच्या वायरवरही लागतो? मग मात्र मेकॅनिक बरोबर असू शकतो: बऱ्याच गाड्यांत ही वायर रिले सुटलेला असताना जोडलेल्या राहणाऱ्या कॉन्टॅक्टमधून जाते आणि तो जळालेला असतो. नाहीतर दोष कॉम्बिनेशन स्विचमध्ये (स्टिअरिंगजवळच्या दांडीच्या स्विचमध्ये). कोणती वायर कुठली, हे तुमच्या मॉडेलच्या वायरिंग डायग्राममध्ये बघा, रंगांवर विसंबू नका.

दोष मोटरमध्ये निघाला तर बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि गिअरचं झाकण उघडा. बहुतेक वेळा काळं पडलेलं सुकं ग्रीस चकतीवर बसलेलं असतं. ते पुसा, चकती झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा, दबलेली पट्टी किंचित उचला. नवीन ग्रीस गिअरच्या दातांना लावा, चकतीवर थापू नका. क्रँकचं (मोटरच्या दांड्यावर बसलेल्या, वायपर हलवणाऱ्या पट्टीचं) नट काढावंच लागलं तर आधी खूण करा, नाहीतर ब्लेडची थांबायची जागा बदलते. पट्टी तुटली असेल तर मोटरच बदलावी लागते.

वॉशरचं काम सोपं आहे. टाकीत पाणी आहे ना बघून पंपाच्या तोंडाचा पाइप काढा आणि वॉशर दाबा. जोरात पिचकारी आली तर पंप ठीक, अडथळा पुढे आहे: बॉनेटच्या बिजागरीपाशी पाइप दुमडतो किंवा चिरतो, नाहीतर नोझलमध्ये क्षार बसतात. नोझल तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा आणि बारीक सुईने मोकळा करा; सुई दाबून घातली तर भोक मोठं होतं आणि फवारा विस्कटतो. पंपापाशीच पाणी नसेल तर पंप रबरी ग्रोमेटमधून उपसून त्याची जाळी धुवा, तिथे हमखास शेवाळ असतं. पाणी येतं, पण दोन सेकंद उशिरा, अशी तक्रार पुढे उरली तर पाइपमधला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी टाकीकडे परत जाऊ न देणारी झडप) गळतोय.

टाकीत बोअरचं पाणी आणि कपड्यांची पावडर घालत असाल तर ते बंद करा. नोझल त्यानेच चोंदतात.