सूर-सवाल : धाराशिवचे व्यासबुवा आणि ‘गुणिजान’ची भानगड

ह्या खेपेला प्रश्न बरेच आलेत, हार्मोनियमच्या भात्यापासून घशाच्या खराशीपर्यंत, पण बंदिशीवरचे (बंदिश म्हणजे रागात आणि तालात बांधलेलं छोटं गीत) तीनच घेतो कारण पहिल्याच उत्तराला जागा लागणारय.

प्रश्न : सर नमस्कार. आमच्या गल्लीतले एक आजोबा कायम सांगतात की पंडित सी. आर. व्यास आपल्या धाराशिवचे. खरंय का? आणि ते गायक का कंपोजर? यूट्यूबवर दोन्ही लिहिलेलं दिसतं. शिवाय त्यांच्या बंदिशीत मधेच ‘गुणिजान’ येतं, ते कोण? – एक वाचक, तुळजापूर

उत्तर : आजोबांना माझा नमस्कार सांगा, ते बरोबर आहेत. चिंतामण रघुनाथ व्यास, जन्म १९२४ चा, गाव उस्मानाबाद म्हणजे आताचं धाराशिव. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाचा. घरात संस्कृतचा अभ्यास, वडील आणि आजोबा दोघंही कीर्तन करणारे. मला विचाराल तर त्यांच्या बंदिशींचं मूळ इथंच आहे, कारण कीर्तनाच्या घरात लहानपणापासून कानावर काय पडतं तर शब्द, आणि तो शब्द लोकांना कळेल असा सुरात कसा टाकायचा ते. आपल्या लातूरकडच्या औशाचं चक्रीभजन ज्यांनी ऐकलंय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळंल.

पहिलं शिक्षण गोविंदराव भातंब्रेकरांकडं, किराणा घराण्याचं (घराणं म्हणजे गाण्याची परंपरा), तेही दहाएक वर्षं. विशी ओलांडल्यावर मुंबई गाठली, तिथं राजारामबुवा पराडकरांकडं ग्वाल्हेर आणि मग जगन्नाथबुवा पुरोहितांकडं आग्र्याची तालीम. म्हणजे किराण्याचा सूर, ग्वाल्हेरची बंदिश आणि आग्र्याची लय, असं तिन्ही घरचं जेवण झालं (लोक एकाच घराण्यावर भांडत बसतात तो भाग वेगळा).

आता गायक का कंपोजर. पाश्चात्त्य संगीतात कंपोजर कागदावर लिहितो, वाजवणारे वेगळे, म्हणून तिकडं हा प्रश्न बरोबर. आपल्याकडं बंदिश बांधणारा बहुतेक वेळा स्वतःच गातो आणि स्वतःच शिकवतो, ही तीन खाती वेगळी नाहीत. व्यासबुवांनी दोनशेच्या वर बंदिशी बांधल्या, ‘राग सरिता’ नावानं त्यांचा संग्रह निघाला, पण नुसतं नोटेशन बघून ती गायला गेलात तर दोन ओळींचा सांगाडा हातात येतो. चार शब्द स्थायीत म्हणजे पहिल्या भागात, चार अंतऱ्यात म्हणजे दुसऱ्या. बाकीचं सगळं, म्हणजे मुखडा (बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा) किती सैल सोडायचा, कुठल्या अक्षरावर जोर, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आपटायचं का अलगद यायचं, हे समोर बसूनच मिळतं. म्हणून मी म्हणतो की बंदिश बांधायचं निम्मं काम शिष्याला शिकवताना होतं.

राहिलं गुणिजान. ती त्यांची मुद्रा, म्हणजे बंदिशीतली सही. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येतं ना, तसंच. सदारंग म्हणजे नियामत खाँ, प्रेमपिया फैयाज खाँ, प्राणपिया विलायत हुसेन खाँ. जगन्नाथबुवांची सही ‘गुणिदास’ आणि शिष्याची ‘गुणिजान’, नातं सहीतच दिसतंय. गुरूंच्या नावानं गुणिदास संमेलनही त्यांनीच उभं केलं. पद्मभूषण १९९२ ला, गेले २००२ च्या जानेवारीत. मुलं सुहास व्यास गातात, सतीश व्यास संतूर वाजवतात. ऐकायला सुरुवात करायची तर त्यांनी गायलेला धनकोनी कल्याण हा राग लावा, आणि मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन घ्या.

प्रश्न : सर, मुलगी गाण्याच्या मध्यमा प्रथम परीक्षेला आहे. क्लासचे गुरुजी पुस्तकातली सोडून स्वतः बांधलेली बंदिश शिकवायलेत आणि तीच दोन महिने चाललीय. फी तर दर महिन्याला जातीय. परीक्षेत चालंल का? – एक आई, अंबाजोगाई

उत्तर : ताई, परीक्षेपुरतं म्हणाल तर अभ्यासक्रमातली एक तयार ठेवायला गुरुजींना सांगा, परीक्षकासमोर वाद नको. पण दोन महिन्यांची तक्रार मला पटत नाही. माझंच सांगतो. लातूरला शिकत असताना मी मोठ्या ऐटीत एक बंदिश बांधून नेली, मुखडा तीनतालात नवव्या मात्रेपासून उचललेला, आणि सम आली ‘नित्य’ मधल्या ‘त्य’ वर. गुरुजींनी ऐकली, चहा प्यायले आणि म्हणाले आता ह्याच्या बोल-ताना घे, म्हणजे बंदिशीचेच शब्द घेऊन ताना. घेता येईना. जोडाक्षरावर समच पडायची नाही, तोंडात खडा आल्यासारखं व्हायचं. तिथं ‘आ’कार हवा हे कुणी सांगितलं असतं तर मी मान हलवली असती आणि विसरलो असतो, पण तो शब्द बदलायला मला सव्वा महिना लागला आणि तेवढ्या दिवसात राग पाठ झाला. तर मुलीला घरी विचारा, तीच बंदिश काल जशी म्हटली तशीच आज म्हणते का काही नवीन करते. नवीन करत असंल तर फी वाया चालली नाही. रोज तीच घोकंपट्टी असंल तर मात्र गुरुजींशी बोला, स्पष्ट बोला.

प्रश्न : सर मी ॲपवर सात सूर निवडून नवीन राग बनवलाय, नाव पण ठेवलंय, रजिस्टर कुठं करायचा? – एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : बाळा, रागाचा सातबारा नसतो. सूर निवडले म्हणजे फक्त किराणा आणलास, भाजी अजून व्हायचीय. गुणिदासांच्या, म्हणजे जगन्नाथबुवांच्या, नावावर असलेला जोगकंस घे, जोग आणि चंद्रकंस ह्या दोन रागांचा जोड. खालच्या अंगात जोग, आरोहात शुद्ध गंधार आणि सा वर उतरताना कोमल, वर गेलं की चंद्रकंसातला कोमल धैवत आणि शुद्ध निषाद. ही यादी तुझं ॲप पण देईल. पण जोगातून चंद्रकंसात कुठं शिरायचं आणि परत कुठून यायचं, त्या उंबऱ्यावरच तो राग उभाय, आणि तो उंबरा जगन्नाथबुवांनी बंदिशी बांधून दाखवला म्हणून आज सगळे गातात. तू तुझ्या रागात एक बंदिश बांध, धा मिनिटं गाऊन रेकॉर्ड कर आणि मला पाठव. नाव मग बघू.