बी.ए.ला संगीत घेतोयस, तर आधी वही घे

कुडाळच्या डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, तू काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या उंच सुरात) गातोस रे, गळ्याची मला चिंता नाही. अडशील ते शास्त्राच्या पेपरात. रागाचा थाट (राग ज्या सात स्वरांच्या गटात बसतो तो), वादी-संवादी (मुख्य स्वर आणि त्याच्या जोडीचा), वर्ज्य (रागात न लागणारे) स्वर तोंडपाठ हवेत. भातखंडे लिपीत, म्हणजे स्वर लिहायच्या पद्धतीत, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र (खालच्या) सप्तकाला खाली टिंब. पहिल्या वर्षी मी टिंबंच विसरलो, अख्खी बंदिश (रागात बांधलेली रचना) मध्य सप्तकात गेली! म्हणून रोज एक बंदिश स्वतः ऐकून लिही. पहाटे अर्धा तास खर्ज, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज, तोही तंबोऱ्यावर. पेटीवर नको, तिच्यातून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) निघत नाही. आणि आपल्याकडच्या पावसात तबल्याची पुडी (वरचं कातडं) सादळते, सूर उतरतो. झाकून कोरड्या खोलीत ठेव, पडवीत नको.