वजनात बसलो, पण लढतच झाली नाही

प्रश्न : मी डिचोलीचा, वय २३. एका प्रमोटरबरोबर एमएमएच्या (मिश्र मार्शल आर्ट्सच्या) तीन लढतींचा, दोन वर्षांचा करार केला. केजमध्ये (जाळीच्या रिंगणात) उतरलो की १५,००० रुपये, जिंकलो तर आणखी १५,०००. पहिली लढत हरलो. विकायला दिलेली २० तिकिटं खपली नाहीत म्हणून ८,००० आणि रक्ततपासणीचे २,५०० कापून हातात ४,५०० ठेवले. दुसऱ्या वेळी मी वजनात बसलो, समोरच्याचं दीड किलो जास्त भरलं. लढत रद्द, पैसे नाहीत. आठ महिने झाले, तिसरी लढत नाही. आता बेंगळुरूहून बोलावणं आलंय, तर प्रमोटर म्हणतो, गेलास तर दोन लाख दंड भर. कराराची प्रत दिलेली नाही, मोबाइलवर फोटो आहेत.

उत्तर : तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. तीन दिवस पोटाला चिमटा काढून, अंगातलं पाणी उतरवून वजनात बसायचं आणि रिकाम्या हाताने घरी परतायचं, हा अन्याय आहे. पण अन्याय वाटतो ते सगळं कोर्टात मिळत नाही, हे आधीच सांगतो. १५,००० हा आकडा मुळातच कमी आहे, एवढ्यावर कोर्ट तो वाढवून देणार नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २५ नुसार मोबदला अपुरा आहे म्हणून करार रद्द ठरत नाही. संमती खरोखर मोकळी होती का, हे तपासताना मात्र तो विचारात घेता येतो. अमेरिकेतसुद्धा बॉक्सरना संरक्षण देणारा २००० सालचा अली कायदा एमएमएला लागू नाही. तिथल्या लढवय्यांना यूएफसी या एमएमए लढती भरवणाऱ्या कंपनीविरुद्ध वर्षानुवर्षं खटला चालवावा लागला, तेव्हा कुठे ३७.५ कोटी डॉलरची तडजोड झाली.

जे ठरलं होतं, ते मात्र मागता येतं. तिकिटांची अट सहीनंतर व्हॉट्सॲपवर आली, असं तुम्ही पुढे लिहिलंय. एकाने मागाहून लादलेली अट दुसऱ्यावर बंधनकारक नसते, त्यामुळे ते ८,००० मागाच. रक्ततपासणीचा खर्च कोणाचा, हे फोटोंत बघा. तुमच्यावर टाकलेला नसेल तर तेही मागा. तो चॅट पुसू नका, फोनही बदलू नका.

रद्द झालेल्या लढतीचं सगळं कराराच्या शब्दांवर आहे. तुम्ही तयार होतात, वजनात बसलात, चूक तुमची नव्हती. कलम ३८ प्रमाणे काम करायची तयारी दाखवूनही समोरच्याने ते करू दिलं नाही, तर तुमचा हक्क बुडत नाही. ‘लढत रद्द झाल्यास मानधन नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर बाजू कमजोर होते. नसेल तर १५,००० साठी भांडायला जागा आहे.

दोन लाखांना घाबरू नका. कलम ७४ नुसार करारातला दंडाचा आकडा ही वरची मर्यादा असते. कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं. करार संपल्यानंतरही दुसरीकडे खेळू न देणारी अट कलम २७ खाली टिकत नाही. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हेच सांगितलं. पण करार चालू असतानाची बंदी सहसा टिकते, म्हणून आज न सांगता बेंगळुरूला जाऊ नका.

आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा : कापलेले पैसे द्या, कराराची प्रत द्या, आणि पंधरा दिवसांत लढतीची तारीख द्या किंवा मोकळं करा. उत्तर आलं नाही, तर करार संपवल्याचं लेखी कळवायला आधार तयार होतो. पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, पण तोवर थांबू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर उत्तर गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. उत्पन्न मर्यादेत असेल तर वकील मोफत मिळतो, आणि दाव्याआधी प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. तिथे कोर्ट फी नाही.

बेंगळुरूच्या कागदावर सही करण्याआधी एक ओळ घालून घ्या : वजनात बसल्यावर समोरच्यामुळे लढत रद्द झाली तर किती मिळणार. आणि प्रत हातात घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.